यंत्राशिवाय वाचणं शक्य नाही

माझ्या घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत, आणि दीड वर्ष मी त्यांतलं एक पानही वाचलेलं नव्हतं. आज हे वाक्य मी बिनदिक्कत लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी कोणी हे माझ्या तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं, आणि तो आमच्या कॉलनीच्या वाचनालयाचा सभासद असता तर वाचनालयाचा चिटणीस म्हणून त्याने परत न केलेल्या पुस्तकांची यादी मी फळ्यावर लावली असती.

आळस नव्हे, भानगड डोळ्यांची होती. पानावरच्या ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच शब्द गायब व्हायचा. आजूबाजूचे सगळे जागच्या जागी, मधला तेवढा रजेवर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझी हनुवटी एका लोखंडी चौकटीत अडकवली, डोळ्यांत दिवा मारला आणि सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजलाय, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. "आहे ती नजर टिकेल, काळजी करू नका. पण बारीक छपाई आता विसरा. अक्षर मोठं करून दाखवणारं वाचनयंत्र मिळतं, ते घ्या." आणि चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं.

आता बारीक छपाई विसरा हे त्यांनी कोणाला सांगावं? एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापायच्या आधी मजकूर वाचून चुका काढणं हा माझा धंदा. एका अनुस्वारासाठी मी चालू मशीन थांबवलेलं आहे. आणि यंत्र घ्या म्हणे. ज्या माणसाने वाचनालयात ठराव क्रमांक सतरा आणला, त्याने यंत्र घ्यायचं.

ठराव क्रमांक सतरा थोडक्यात सांगतो, कारण पुढे तोच माझ्या मानगुटीवर बसला. तीन वर्षांपूर्वी एक तरुण सभासद वाचनालयाच्या कार्यक्रमात येऊन पाटीसारख्या यंत्रावर वाचत बसला होता. बाराशे पुस्तकं भोवती असताना याने यंत्रावर वाचावं, हे माझ्यातल्या चिटणिसाला सहन झालं नाही. मी ठराव मांडला: 'विजेवर अथवा बॅटरीवर चालणारे कोणतेही यंत्र वाचनालयाच्या कार्यक्रमात वापरण्यास सक्त मनाई राहील.' त्यावर पुढच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "माझ्या कानातल्या यंत्राला बॅटरी आहे. कार्यक्रमाला मी बहिरा बसू का?" चाळीस मिनिटं चर्चा झाली. अखेर 'डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावयाची यंत्रे वगळून' असे शब्द घातले आणि ठराव मंजूर झाला. त्या दिवशी मी सव्वा तास बोललो. पुस्तकाचा वास, पुस्तकाचा स्पर्श, पुस्तकाचं वजन, असे तीन भाग पाडले होते.

तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी मी घरी आणली आणि तिसऱ्या कपाटातल्या एका व्याकरणाच्या पुस्तकात खोल दडवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोला सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत.

आणि मग सुरू झालं दीड वर्षाचं नाटक. सकाळी चहा झाला की मी पुस्तक उघडून खिडकीत बसायचो. मनातल्या मनात नव्वदपर्यंत आकडे मोजायचे आणि पान उलटायचं. मध्येच "हं" करायचं. गंमत वाटेल, पण नव्वद आकडे मोजत तीनशे पानं संपवायची म्हणजे शारीरिक श्रम आहेत. महिन्याला वाचनालयात नव्या पुस्तकाबद्दल बोलावं लागे. ते मी मलपृष्ठावरच्या मोठ्या अक्षरांवर निभावून नेत असे. मलपृष्ठावर काय लिहायचं ते प्रकाशकांचं ठरलेलं असतं, त्यामुळे माझी भाषणंही हळूहळू सारखी होत गेली. लोक म्हणू लागले की माझ्या बोलण्यात आता एक संथपणा आलाय.

आत मात्र मी रडकुंडीला आलो होतो. हे कबूल करतो. कपाटासमोर उभं राहायचं, ओळखीची पुस्तकं हाताने चाचपायची, आणि एकही बोलू नये. सख्ख्या भावंडांनी अबोला धरावा तसं झालं होतं.

त्यात वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. कार्यक्रम रविवारी ठरला, आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं: 'दाखल क्रमांक एकच्या पुस्तकातील पहिल्या पानाचे वाचन: आपले चिटणीस.' दाखल क्रमांक एक म्हणजे वाचनालयाने घेतलेलं पहिलं पुस्तक, एका विसरलेल्या गृहस्थांचं प्रवासवर्णन. छपाई मुंगीएवढी. पाठ करावं म्हटलं तर पाठ करायलाही आधी वाचावं लागतं. कोणाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं तर मूठ उघडते. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी आम्ही नवराबायको पेन्शन कचेरीत गेलो. वर्षातून एकदा तिथे जाऊन आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं. तिथल्या बाईंनी एक फॉर्म सरकवला. 'हयात आहे / हयात नाही, लागू नसेल ते खोडा.' मी झोकात एक रेघ मारली, सही ठोकली आणि फॉर्म परत दिला.

बाईंनी फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं. "काका, तुम्ही 'आहे' खोडलंय."

"पेन सरकलं असेल."

"पेन सरकू दे, पण याच्यानुसार तुम्ही वारलात आणि खाली सहीही तुमचीच आहे."

मागच्या रांगेत खसखस पिकली. नवा फॉर्म दुसऱ्या मजल्यावर मिळतो आणि तिथला साहेब जेवायला गेलेला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. जिवंत व्हायला मला पावणेतीन तास लागले. बायको त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलली नाही, यातच मी काय ते ओळखायला हवं होतं.

त्या पावणेतीन तासांत घरी काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. आमची लेक दुसऱ्या गावी असते. तिने कुरियरने एक पार्सल पाठवलं होतं. आईचा फोन कचेरीत बंद, म्हणून तिने शेजाऱ्यांना निरोप पाठवला. शेजारी म्हणजे आमचे सल्लागार. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीला सल्ला देण्याचं काम करतात. नळ गळो, जावई रुसो, सल्ला तयार. निरोप असा होता:

'काका, आई फोन उचलत नाहीये. आज बाबांचं यंत्र येईल, ठेवून घ्याल का? नाजूक आहे, उन्हापासून जपा. डॉक्टरांनी सांगितलंय, यंत्राशिवाय बाबांचं वाचणं आता शक्य नाही. यंत्र असलं तर नक्की वाचतील. आईला सगळं माहीत आहे. बाबांना इतक्यात बोलू नका, मनाला लावून घेतील.'

आपल्या भाषेत पुस्तक वाचायला आणि जीव वाचायला एकच क्रियापद आहे. ही काटकसर कोणी केली मला ठाऊक नाही. माझी लेक, मुद्रितशोधकाची लेक, व्याकरणाची एकही चूक न करता एवढा निरोप लिहून मोकळी झाली, आणि सल्लागारांनी तो वाचून मटकन बसकण मारली. मग पार्सल आलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि उन्हापासून जपायचं म्हणून फ्रिजमध्ये टोमॅटोंच्या वर ठेवलं. बायकोला पार्सलचं सांगायचं धैर्य मात्र त्यांना होईना. वहिनी दारात दिसल्या की ते आत पळायचे. आमची ही बिचारी पार्सल अजून कसं आलं नाही म्हणून कुरियरवाल्यांना फोन करत होती.

मंगळवारी मी दूध घेऊन जिना चढत होतो. सल्लागारांनी वरून धावत येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. बावीस वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"टेका जरा," ते म्हणाले. "घाई कशाची आहे आता."

मी टेकलो. तेही शेजारच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मला सगळं कळलंय. लपवू नका."

म्हटलं, फुटलं बिंग. पण खोटं नाही सांगत, पाठोपाठ थोडं हलकंही वाटलं. "कोणाला बोलला नाहीत ना?"

"छे. कधीपासून आहे?"

"दीड वर्ष होईल."

"आणि एवढं हसतमुख वावरलात. मला नसतं जमलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नेमकं काय होतं तुम्हाला?"

"काय सांगू? मधोमध अंधार येतो. कडेने तेवढा उजेड दिसतो."

सल्लागारांचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला. "उजेड दिसायला लागला?"

"तो आधीपासूनच दिसतोय. पण त्याचा काय उपयोग? जे पाहिजे ते दिसत नाही."

"काय पाहायचं राहिलंय तुमचं? सांगा, मोकळेपणाने सांगा."

"रविवारचं तेवढं पार पडावं," मी म्हणालो. "नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

सल्लागारांनी डोळे पुसले. एक मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्याच्या चष्म्याच्या नंबरासाठी एवढा हळहळतो हे पाहून मलाही भरून आलं. आम्ही दोघे जिन्यात पाच मिनिटं नाक ओढत बसलो.

कोणाला बोललो नाही म्हणणाऱ्या माणसाने बुधवारपर्यंत सगळी कॉलनी गाठली होती. इस्त्रीवाल्याने माझे कपडे घरपोच आणून दिले आणि "सांभाळा" म्हणाला. समोरच्या आजींनी कोणता तरी काढा धाडला. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी गाणी बंद केली. दर दोन तासांनी कोणीतरी सफरचंदं घेऊन यायचं, माझ्याकडे एकटक बघायचं आणि "रंग बरा आहे" असं म्हणून जायचं. मी समजलो, डोळ्यांसाठी फळं चांगली असावीत.

वाचनालयाचे अध्यक्षही आले. ते निवृत्त दंतवैद्य आहेत. दात सोडून बाकीच्या शरीराचा त्यांचा अनुभव तुमच्याआमच्याइतकाच, पण कॉलनीत दुसरा डॉक्टर नाही म्हणून तेच जातात. त्यांनी माझी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "आ करा." मी आ केला. बराच वेळ आत बघून त्यांनी मान हलवली.

"कार्यक्रमाची काळजी करू नका," ते म्हणाले. "यंत्र लावून आलात तरी चालेल. समितीने तसं ठरवलंय."

"यंत्र?" मला ठसका लागला. "समितीने?"

"बोलू नका तुम्ही. पडून राहा."

माझ्या मागे माझ्याच समितीची बैठक झाली होती. माझ्या दुबळेपणाची चर्चा होऊन, यंत्राला विरोध करणाऱ्या मलाच यंत्राची भीक घातली गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. चिटणीसपदाचा राजीनामा कोणत्या शब्दांत लिहावा याचा विचार करत होतो, आणि लिहिला तर तो वाचून तपासणार कोण, हाही प्रश्न होताच.

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात अध्यक्ष, वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाई, आणि मध्ये सल्लागार. त्यांच्या हातात ते पार्सल, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. तिघांचे चेहरे असे की मीच उठून त्यांना पाणी दिलं.

"वहिनी," सल्लागार म्हणाले, "सोमवारपासून जिवापाड जपलंय. आता उशीर नको. अध्यक्ष आहेतच, त्यांच्यादेखत लावून टाकू."

"अगंबाई, तुमच्याकडे होतं होय, भावोजी?" बायकोने पुढे होऊन पार्सल घेतलं. "पण हे एवढं गार कसं?"

"फ्रिजमध्ये होतं."

"फ्रिजमध्ये?"

"उन्हापासून जपायचं होतं ना."

तिने कात्रीने कागद फाडला. आतून पातळ, राखाडी, वहीएवढी पाटी निघाली. तिच्यावर दव जमलं होतं. सगळे वाकून बघू लागले. अध्यक्षांनी खिशातून स्टेथोस्कोप काढला. तो त्यांनी कोणाकडून आणला होता कोण जाणे.

"याच्या वायरी कुठेत?" सल्लागारांनी विचारलं. "आणि छातीला कुठल्या बाजूने लावायचं?"

"छातीला कशाला लावायचं?" बायको म्हणाली. "वाचायचं यंत्र आहे ते."

"आम्हीही तेच म्हणतोय वहिनी, वाचायचं यंत्र. वाचायचं म्हणूनच तर लावायचं."

"अहो भावोजी, पुस्तक वाचायचं."

बाहेर कोणाचा तरी कुकर शिटी देऊन गेला. सल्लागारांनी खिशातून फोन काढला, निरोप पुन्हा वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांनी तो ग्रंथपाल बाईंकडे दिला. बाईंनी वाचला आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवायला, की बुधवारचं रडणं आठवून, ते मी विचारलं नाही.

"म्हणजे हे मरत नाहीयेत?" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, पण किंचित फसवल्याची भावनाही होती.

"मग तो उजेड?" सल्लागार माझ्यावर घसरले. "मधोमध अंधार, कडेने उजेड. जिन्यात बसून मी रडलो हो तुमच्यासाठी."

आता लपवून काय उपयोग होता? मी खाली मान घालून सगळं सांगितलं. डोळे, डॉक्टर, नव्वदपर्यंतचे आकडे, मलपृष्ठावरची भाषणं. सांगताना कान तापले होते. चार जाणत्या माणसांसमोर, त्यांतली एक स्वतःची बायको, आपण दीड वर्ष नुसती पानं उलटली असं कबूल करणं सोपं नाही. संपल्यावर मी बायकोला म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"चिठ्ठी सापडली तेव्हा खात्री झाली. कपाटं कोण पुसतं या घरात?"

"व्याकरणाच्या पुस्तकात होती ती."

"सगळी पुस्तकं झटकून बघितली, तेव्हा सापडली. चार दिवस लागले." ती क्षणभर थांबली. "तुम्ही वाचताना हसता. मोठ्याने. लग्न झाल्यापासून ऐकतेय, आधी वैताग यायचा. दीड वर्ष खिडकीतून एकदाही हसू ऐकलं नाही. म्हटलं, हा माणूस वाचत नाहीये."

अध्यक्षांनी स्टेथोस्कोप हळूच परत खिशात घातला.

यंत्राची थंडी जायला अर्धा तास लागला. तेवढ्यात चहा झाला, सफरचंदं कापली गेली, कारण घरात सफरचंदांशिवाय काही उरलं नव्हतं. मग बायकोने लेकीला फोन लावून, ती सांगेल तसं एकेक करत पाटी सुरू केली. लेकीने आधीच त्यात तीनशे पुस्तकं घालून ठेवली होती. एक उघडलं. नेहमीसारखी मुंग्यांची रांग. "आता दोन बोटं ठेवा आणि फाकवा," फोनमधून लेक म्हणाली.

मी बोटं फाकवली. अक्षरं वाढली. आणखी फाकवली. आणखी वाढली. एका ओळीत तीन शब्द राहिले, आणि तिन्ही जागेवर होते. रजेवर गेलेला परत आला होता. मी पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग पान उलटायला बोट लावलं आणि नव्वदपर्यंत मोजायचं विसरलो. मंडळी समोर बसली आहेत, हेही विसरलो. मला वाटलं, पाहुणे केव्हाच गेले. पण ते गेले नव्हते. ते पंचवीस मिनिटं माझ्याकडे बघत बसले होते.

पुस्तकाचा वास, स्पर्श, वजन यांवर मी सव्वा तास बोललो होतो. ते शब्द मागे घेत नाही. पण ज्याला अक्षर दिसतं त्यानेच वासाचे लाड करावेत. आणि खरं सांगू का? आडवं पडून वाचताना हे यंत्र नाकावर आपटत नाही. धुळीने शिंका येत नाहीत. मध्येच कसर मरून पडलेली नसते. चहाचा कप उचलताना पान दाबून धरावं लागत नाही. आणि आपण काय वाचतोय हे कोणालाच दिसत नाही. चिटणीस असल्यामुळे मला उभ्या आयुष्यात रहस्यकथा चारचौघांत वाचता आल्या नव्हत्या. पुढच्या एका महिन्यात सात झाल्या.

पण गुरुवारी ते पुढचं सुख दूर होतं, कारण पंचवीस मिनिटांनंतर अध्यक्ष खाकरले.

"आनंद आहे," ते म्हणाले. "पण आता पेच आहे. आपण परवानगी दिली ती जीव वाचवणाऱ्या यंत्राला. हे निघालं नेमकं ठराव सतराचं यंत्र. याला कार्यक्रमात मनाई आहे, आणि वैद्यकीय अपवादाला समितीची लेखी मंजुरी लागते; ती याला नाही."

"मग ठराव रद्द करा," बायको म्हणाली.

"ठराव रद्द करायला सात दिवसांची लेखी सूचना लागते. रविवार तीन दिवसांवर आलाय."

"हा सात दिवसांचा नियम कोणी घातला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि समोर दंतवैद्य.

"जाऊ दे," मी म्हणालो. "दुसरं कोणी तरी वाचा." वाचायला मिळाल्याचा आनंद एवढा होता की हे मी मनापासून म्हणू शकलो. निदान अर्ध्या मनापासून.

ग्रंथपाल बाई तोवर पिशवीत काहीतरी शोधत होत्या. या बाई फारसं बोलत नाहीत. चौदा वर्षं पुस्तकं देतायत, घेतायत, आणि माझी भाषणं ऐकतायत. त्यांनी इतिवृत्ताची वही काढली. "बुधवारची बैठक तुमच्यामागे झाली म्हणून इतिवृत्त मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवते."

आणि त्यांनी वाचलं: "'आपल्या चिटणिसांना डॉक्टरांच्या सल्ल्याने यंत्र वापरावे लागणार असून यंत्राशिवाय त्यांचे वाचणे शक्य नाही, हे समितीने दुःखद अंतःकरणाने नोंदवून घेतले. सबब रविवारच्या कार्यक्रमात यंत्रासह वाचण्यास त्यांना ठराव क्रमांक सतरामधील वैद्यकीय अपवादानुसार परवानगी देण्यात येत आहे.' मी तेव्हा 'यंत्रासह वाचण्यास' असं लिहिलं होतं. जगायला परवानगी, या अर्थाने."

अध्यक्षांनी वही घेतली, सरळ धरली, तिरकी धरली. "डॉक्टरांचा सल्ला आहे?"

बायकोने उठून चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. व्याकरणाच्या पुस्तकात दीड वर्ष दबून तिला छान इस्त्री झाली होती.

"यंत्राशिवाय वाचणं शक्य नाही. खरं आहे. यंत्रासह वाचायला परवानगी. दिलेली आहे." अध्यक्षांनी वही मिटली. "यात एक अक्षर बदलायची गरज नाही."

"एक आहे," मी म्हणालो. "अंतःकरण दुःखद नसतं. जड असतं."

बाईंनी तेवढं दुरुस्त केलं. सल्लागार छाती काढून बसले होते. "बघा," ते म्हणाले, "मी निरोप बरोबर समजलो असतो तर तुम्ही अडकला असता." त्यांच्या सबंध कारकिर्दीत एवढा उपयोगी पडलेला दुसरा सल्ला नाही, आणि तो त्यांनी दिलेलाही नव्हता.

शनिवारी बाईंनी ते जुनं पहिलं पान वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर टाइप करून माझ्या यंत्रात घातलं. मी ते आधी वाचलं नाही. म्हटलं, रविवारीच वाचू.

रविवारी हॉल भरला होता. निम्मे लोक पन्नासाव्या वर्षासाठी आले होते आणि निम्मे मी खरोखर जिवंत आहे का ते बघायला. मी व्यासपीठावर गेलो, पाटी उभी केली, अक्षरं मोठी केली. पहिल्या रांगेत कर्णयंत्रवाले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून मान डोलावली, जणू आम्ही दोघे एकाच पलटणीतले.

मी वाचायला सुरुवात केली. ते प्रवासवर्णनकार गृहस्थ घरातून कसे निघाले याची हकिगत होती. पाऊस लागेल म्हणून तीन छत्र्या घेतल्या, थंडी वाजेल म्हणून दोन कोट घेतले, वाटेत भूक लागेल म्हणून फराळाचे चार डबे घेतले, आणि बोटीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जिच्या हवापालटासाठी हा प्रवास काढला, ती बायको धक्क्यावरच उभी आहे.

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. ओळीत तीनच शब्द दिसत असल्यामुळे 'धक्क्यावरच उभी आहे' हे एकटंच माझ्यासमोर आलं होतं, आणि तिथे पोचेपर्यंत मला काही पत्ता नव्हता. दीड वर्षाचं तुंबलेलं हसू होतं. माझे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, श्वास अडकला, मी टेबल धरलं.

तिसऱ्या रांगेतून सल्लागार पाण्याचा ग्लास घेऊन धावले. पाठोपाठ अध्यक्ष उठले, खिशात हात घालत.

"बसा हो भावोजी," माझी बायको जागेवरून म्हणाली. तिचा आवाज हॉलभर ऐकू आला, आणि तोही धड नव्हता. "काही झालं नाही. ते वाचतायत."

सल्लागार बसले. ग्लासातलं पाणी त्यांनीच प्यायलं. मी डोळे पुसले आणि उरलेलं पान वाचून काढलं. एकही शब्द रजेवर नव्हता.

घरी आलो तर लेकीचा फोन. तिला राहवत नव्हतं. "काय बाबा, वाचलं का?"

हिला एकदा क्रियापदं शिकवायला हवीत, असं मनात आलं. पण मी खिडकीतल्या खुर्चीत बसलो, पाटी मांडीवर घेतली, आणि माझ्या तोंडून आलं ते असं:

"वाचलो गं."